बारा मिनिटांचा अंक

नाटक लिहिणारा आणि नाटक बसवणारा यांचे भांडण रंगभूमीइतकेच जुने असावे. एकाला वाटते, मी लिहिले त्यातला काना-मात्राही हलता कामा नये. दुसऱ्याला वाटते, तुमचे काम संपले, आता आमच्या मध्ये येऊ नका. अशी बहुतेक भांडणे मानपानाची असतात, पैशांची असतात, आणि पहिल्या प्रयोगाला टाळ्या पडल्या की रंगपटातल्या चहाबरोबर ती विरघळून जातात. पण एक भांडण असे आहे, की ती भांडणारी दोन्ही माणसे जाऊन कित्येक वर्षे लोटली तरी ते मिटलेले नाही. ते नाटक जगात कुठेही नव्याने बसवायला घ्या, पहिल्याच तालमीला ते भांडण पुन्हा उभे राहते.

हे भांडण झाले मॉस्कोत, १९०३-०४ च्या हिवाळ्यात. एका बाजूला होता अंतोन चेकॉव्ह, दुसऱ्या बाजूला कॉन्स्टंटिन स्टॅनिस्लाव्हस्की, आणि मध्ये होते ‘चेरीची बाग’ हे चार अंकी नाटक. वाद साधा होता. हे नाटक हसण्याचे, की रडण्याचे? (पुढच्या तारखा रशियाच्या तेव्हाच्या जुन्या पंचांगाप्रमाणे आहेत, ते पंचांग त्या काळी आपल्या इंग्रजी तारखांच्या बारा-तेरा दिवस मागे चाले.)

आपल्याकडे त्या सुमारास असे भांडण व्हायला जागाच कमी होती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ लिहिले आणि नटांना त्यांनीच शिकवले. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ साली ‘शारदा’ रंगभूमीवर आणली. तेही लेखक आणि तालीममास्तर एकाच देहात नांदत होते. मॉस्कोत मात्र तालीममास्तरातून एक निराळाच प्राणी जन्माला येत होता. तो नुसते पाठांतर करवून घेणारा नव्हता. उजेड कुठून यावा, पडद्यामागे कोणता पक्षी बोलावा, नटाने किती वेळ गप्प बसावे, हे सारे ठरवणारा तो स्वतंत्र कलावंत होता. आज आपण त्याला दिग्दर्शक म्हणतो. तेव्हा हे भांडण दोन माणसांचे होते, तसेच ते दोन धंद्यांचेही होते. आणि त्यातला एक धंदा अगदी नवा होता.

चेकॉव्हवर या माणसाचे उपकार होते, हे आधी सांगितले पाहिजे. १८९६ च्या ऑक्टोबरात सेंट पीटर्सबर्गच्या सरकारी नाट्यगृहात त्याचे ‘सीगल’ हे नाटक पडले. पडले म्हणजे कसे? एका विनोदी नटीच्या सन्मानार्थ तो प्रयोग लावलेला. तिचे चाहते पोट धरून हसायला आलेले. आणि गंमत अशी की त्या नाटकात ती बाई नव्हतीच! लोक नको तिथे हसले, शिट्ट्या वाजल्या. चेकॉव्ह नाट्यगृहातून बाहेर पडला, रात्री उशिरापर्यंत थंडीत रस्त्यांवरून भटकला, आणि पुन्हा म्हणून नाटक लिहायचे नाही असे त्याने ठरवून टाकले.

पुढच्याच वर्षी मॉस्कोच्या एका उपाहारगृहात व्लादिमिर नेमिरोविच-डान्चेन्को आणि स्टॅनिस्लाव्हस्की हे दोघे दुपारी बोलायला बसले ते सुमारे अठरा तासांनी उठले, आणि त्या बोलण्यातून १८९८ साली मॉस्को आर्ट थिएटर उभे राहिले. नेमिरोविचने हट्टच धरला, की ‘सीगल’ पुन्हा करायचे. चेकॉव्ह आधी नाही म्हणाला, मग कसाबसा तयार झाला. त्याला क्षयाने गाठले होते आणि हवापालटासाठी तो दूर दक्षिणेला, काळ्या समुद्राकाठी याल्टाला होता. प्रयोग पुन्हा पडला तर त्याच्या जिवावर बेतेल, अशी धास्ती त्याच्या बहिणीने नटमंडळींना बोलून दाखवली. १७ डिसेंबर १८९८ ला पहिल्या अंकाचा पडदा पडला आणि सभागृहात चिडीचूप! नटांना वाटले, संपले. आणि मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की रंगमंचावरची माणसे एकमेकांच्या गळ्यात पडून रडू लागली. मेलेले नाटक जिवंत झाले होते.

पण त्याच नाटकात भांडणाचे बी पडले होते. तालमी चालू असताना एका नटाने चेकॉव्हला मोठ्या उत्साहाने सांगितले, की पडद्यामागे बेडूक ओरडणार आहेत, चतुर भुणभुणणार आहेत, कुत्री रडणार आहेत. चेकॉव्हने विचारले, हे कशासाठी? नट म्हणाला, खरे वाटावे म्हणून. त्यावर चेकॉव्हने दिलेले उत्तर मायरहोल्ड या नटाने टिपून ठेवले आहे. उत्तम चित्रकाराने काढलेल्या चेहऱ्यातले नाक कापून त्या जागी खरे नाक बसवले, तर नाक खरे होईल. पण चित्र बिघडेल, असा त्याचा मथितार्थ. पुढे स्टॅनिस्लाव्हस्कीने त्याच नाटकातला लेखक अगदी ऐटबाज पोशाखात उभा केला, तेव्हा चेकॉव्ह त्याला म्हणाला, काम छान करता, पण त्याची विजार चौकड्यांची आणि बूट फाटके हवेत. एवढेच. त्याचे स्पष्टीकरण नाही, वाद नाही. या माणसाची भांडायची रीतच ही होती. तो एक वाक्य बोलून गप्प बसे, आणि समोरच्याला ते वाक्य वर्षा-दोन वर्षांनी उमगे.

‘चेरीची बाग’ त्याने १९०३ साली याल्टात लिहिली. दिवसाला चार-सहा ओळी, त्याही खोकल्याची उबळ थांबेल तेव्हा. थिएटरकडून तगाद्यावर तगादा येत होता, आणि तो करणाऱ्यांत त्याची बायकोही होती. १९०१ साली त्याने याच थिएटरमधली नटी ओल्गा क्निप्पर हिच्याशी लग्न केले होते. हंगाम मॉस्कोत, औषध याल्टात. संसार बहुतेक टपालानेच चाललेला. सप्टेंबरात त्याने स्टॅनिस्लाव्हस्कीच्या पत्नीला कळवले होते, की नाटक गंभीर झालेले नाही. कॉमेडी झाली आहे, कुठे कुठे तर फार्सच. ऑक्टोबरच्या मध्याला हस्तलिखित मॉस्कोत पोहोचले. त्यावर लेखकाच्या हाताने स्पष्ट लिहिलेले होते, ‘चार अंकी कॉमेडी’.

स्टॅनिस्लाव्हस्कीने ते वाचले आणि तो ढसढसा रडला. तसे त्याने पत्रात लिहिलेही. आणि पुढे असेही लिहिले, की तुम्ही म्हणता तशी ही कॉमेडी नव्हे, फार्स तर नव्हेच. ही शोकांतिका आहे. लेखकाला त्याच्याच नाटकाचा प्रकार दिग्दर्शक समजावून सांगत होता!

ज्यांनी हे नाटक वाचलेले नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. रानेव्हस्काया ही जमीनदारीण पॅरिसहून घरी परत येते. इस्टेट कर्जात बुडाली आहे, लिलावाची तारीख लागली आहे. तिच्याच घराण्याच्या गुलामांच्या पोटी आलेला आणि आता पैसेवाला झालेला लोपाखिन पोटतिडकीने उपाय सांगतो, की बाग तोडा, जमिनीचे तुकडे पाडा, बंगल्यांसाठी भाड्याने द्या. कोणी ऐकत नाही. बाईसाहेब घरात खायला नसताना वाटेवरच्या भिकाऱ्याला सोन्याचे नाणे देऊन टाकतात. त्यांचा भाऊ गाएव शंभर वर्षे जुन्या कपाटापुढे उभा राहून त्या कपाटाला उद्देशून भाषण करतो. लिलावाच्या दिवशी घरात नाच चालू असतो. बाग विकत घेतो लोपाखिनच. सगळे निघून जातात. बंद घरात सत्त्याऐंशी वर्षांचा नोकर फिर्स तेवढा विसरून राहतो, आणि बाहेर झाडांवर कुऱ्हाड पडत असते.

आता तुम्हीच सांगा, हसायचे की रडायचे? वाडे गेले, वतने गेली, तेव्हा आपल्याकडेही अशी माणसे होती. सावकार दारात बसलेला आणि आत पंगतीचा बेत चाललेला! अशी घरे आपल्या कादंबऱ्यांतून पुष्कळ येऊन गेली. तिऱ्हाईताला त्यांचे हसू येते, घरच्याला रडू येते. चेकॉव्हला दोन्ही एकदम यावे असे वाटत होते, आणि ते साधायचे तर नटांनी रडायचे नाही, ही त्याची अट होती.

त्याची दुसरी अट लोपाखिनच्या भूमिकेविषयी होती. ही भूमिका स्टॅनिस्लाव्हस्कीनेच करावी अशी त्याची फार इच्छा. पत्रातून त्याने बजावले, की लोपाखिन व्यापारी असला तरी सर्व अर्थांनी सज्जन माणूस आहे. त्याला आरडाओरड करणारा गावंढळ शेटजी करू नका. घरातली वार्यासारखी गंभीर, देवभोळी मुलगी एखाद्या कवडीचुंबकावर प्रेम करणार नाही. इथे थोडे थांबले पाहिजे. चेकॉव्हचा आजोबा स्वतः गुलाम कुळ होता. १८४१ साली त्याने पैसे भरून कुटुंबाची मुक्तता विकत घेतली. बापाचे दुकान बुडाले, राहते घर गेले. म्हणजे लोपाखिनची कुळकथा लेखकाच्या रक्तातली होती. आणि स्टॅनिस्लाव्हस्की? त्याचे खरे आडनाव अलेक्सेयेव्ह. घराणे सोन्याचांदीची जर तयार करणाऱ्या बड्या कारखानदारांचे. व्यापाऱ्याचा मुलगा व्यापारी नीट उभा करील, हा लेखकाचा हिशोब. पण व्यापाऱ्याच्या मुलाने भूमिका घेतली ती कपाटाशी बोलणाऱ्या खानदानी गाएवची! लोपाखिन दुसऱ्या नटाकडे गेला. आणि नाटकाचा तोल तिथेच कलंडला, असे मला वाटते. मधला माणूस बाजूला सरला की उरतात ती निरोप घेणारी माणसे. आणि निरोप घेणाऱ्यांचे नाटक रडकेच होणार.

नोव्हेंबरात पुन्हा बेडूक आले. दुसऱ्या अंकात शेतावरच्या संध्याकाळी बेडूक ओरडावेत, पाणकोंबडीच्या जातीचा एक पक्षी बोलावा, दूरवरून आगगाडी जावी, असा दिग्दर्शकाचा बेत. याल्टाहून उत्तर आले ते एखाद्या जाणत्या शेतकऱ्याने लिहावे तसे. गवताची कापणी जूनच्या वीस ते पंचवीस तारखांना होते. तोवर तो पक्षी बोलायचा थांबलेला असतो, बेडूकही गप्प झालेले असतात. आगगाडी आणायचीच असेल, तर जराही आवाज न करता जाणारी आणा! याही पुढची गोष्ट स्टॅनिस्लाव्हस्कीनेच सांगून ठेवली आहे. एकदा त्याला ऐकू जाईल अशा बेताने चेकॉव्ह म्हणाला, की मी एक नवे नाटक लिहिणार आहे. त्याची सुरुवातच अशी, की अहाहा, काय शांतता आहे. ना पक्षी, ना कुत्री, ना कोकिळा, ना घड्याळ, ना रातकिडा!

डिसेंबरात तो डॉक्टरी सल्ल्याची पर्वा न करता मॉस्कोत आला आणि तालमींना जाऊन बसू लागला. स्वतः डॉक्टर असलेल्या या माणसाला आपल्यापाशी किती दिवस उरले आहेत हे ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? पण तालमीत त्याच्या सूचनांनी नट गोंधळू लागले, तो खिन्न होऊ लागला, आणि हळूहळू त्याने जाणे कमी केले.

पहिला प्रयोग १७ जानेवारी १९०४ ला झाला. तो त्याचा नामदिवस. चव्वेचाळीस वर्षे नुकतीच पुरी झालेली. मंडळींनी त्याच रात्री त्याच्या पंचवीस वर्षांच्या लेखनाचा सत्कारही योजला होता. चेकॉव्ह घरीच राहिला होता. निरोप पाठवून त्याला बोलावून आणावे लागले. तिसऱ्या अंकानंतर त्याला रंगमंचावर उभे केले. वाळलेला, पांढराफटक, खोकला आवरत असलेला. प्रेक्षकांतून आवाज आले, अहो, त्यांना बसू द्या. तो बसला नाही. भाषणांमागून भाषणे झाली. एका वक्त्याने सुरुवात केली ती नेमकी गाएव कपाटाला उद्देशून करतो तशाच मायन्याने! चेकॉव्हने हळूच गाएवच्या वेषातल्या स्टॅनिस्लाव्हस्कीकडे पाहिले, आणि त्याच्या ओठांवर हसू उमटले. त्या समारंभाला अंत्यविधीची कळा आली होती, असे स्टॅनिस्लाव्हस्कीने नंतर लिहिले. म्हणजे त्या रात्री रंगमंचावर दोघेही आपापले नाटक पाहत होते. दिग्दर्शकाला अंत्ययात्रा दिसत होती. लेखकाला कॉमेडी दिसत होती.

मार्च-एप्रिलमध्ये याल्टाहून चेकॉव्हने बायकोला पत्रे लिहिली. ती वाचताना त्या बाईची मला दया येते. नाटकातली रानेव्हस्काया तीच. दिग्दर्शकाच्या हाताखाली रोज उभे राहायचे तिला. आणि नवऱ्याची गाऱ्हाणीही तिच्याच नावावर यायची. दुसऱ्या आणि चौथ्या अंकांत दुरून एक तार तुटल्यासारखा आवाज येतो. तो फार लांबवतात, तो पुष्कळ आखूड करा. जाहिरातींत माझ्या कॉमेडीला गंभीर नाटक का म्हणतात? या दोघांनी माझे नाटक एकदा तरी लक्षपूर्वक वाचले आहे का? आणि सगळ्यांत कडवट तक्रार अशी, की जो चौथा अंक फार तर बारा मिनिटे चालायचा, तो चाळीस मिनिटे चालतो. स्टॅनिस्लाव्हस्कीने माझ्या नाटकाचा विचका केला.

बारा आणि चाळीस! या दोन आकड्यांत सारे भांडण आले. चेकॉव्हचा बारा हा आकडा रागाच्या भरात तोंडी आलेला असेल असे पुष्कळांना वाटते. पण नाटक उघडून पाहा. चौथ्या अंकाच्या आरंभीच लोपाखिन घड्याळ बघून सांगतो, की वीस मिनिटांत स्टेशनाकडे निघायला हवे. म्हणजे लेखकाने अंकाच्या तोंडाशीच घड्याळ टांगून ठेवले आहे. ट्रंका बांधायच्या आहेत, रबरी बूट सापडत नाहीत, गाडी चुकेल ही घाई आहे. या घाईत रडायला वेळ कुठला? वार्याला आणि लोपाखिनला सगळे मुद्दाम एकटे सोडतात, त्याने तिला मागणी घालावी म्हणून. तो बोलतो हवेविषयी, ती सांगते थर्मामीटर फुटला आहे; बाहेरून कोणीतरी हाक मारते, तो सुटल्यासारखा पळतो, आणि एक जन्म वाया जातो. हे झटपट झाले तर आधी हसू येते आणि मग घशात काहीतरी अडकते. हेच उसासे टाकत, खिडकीबाहेर पाहत दहा मिनिटे चालवले, तर प्रेक्षकाचे सारे रडणे नटच उरकून टाकतात. प्रेक्षकाला काही काम उरत नाही.

मी शाळेत मराठी शिकवतो. करुण धडा गळा काढून वाचणारे शिक्षक मी पाहिले आहेत. मुले खिडकीतून बाहेर बघत असतात. तोच धडा साध्या आवाजात, जरा भरभर वाचा. मागच्या बाकावरचा सर्वांत व्रात्य मुलगा मान खाली घालतो. चेकॉव्ह मागत होता ते एवढेच. आवाज कमी, अश्रू कमी, मिनिटे कमी. समोर बसलेल्या माणसाला हृदय आहे, असा त्याचा विश्वास होता.

मग स्टॅनिस्लाव्हस्की चुकला का? इतके सोपे नाही. आपल्या लेखकाचे हे शेवटचे नाटक आहे, हे कोणी न बोलता सर्वांना कळत होते. जो डोळ्यांदेखत चालला आहे त्याच्या निरोपाचा प्रसंग बारा मिनिटांत उरका म्हणणे लेखकाला शोभते. ते मित्रांना कसे जमावे? ज्याला थोडा वेळ उरलेला होता तो म्हणत होता ‘आटपा’. ज्यांच्यापाशी वेळच वेळ होता ते म्हणत होते ‘थांबा’. आणि हेही खरे, की जीव ओतून बसवायची ही रीत नसती, तर ‘सीगल’ पीटर्सबर्गलाच मेले असते आणि ‘चेरीची बाग’ लिहिलीच गेली नसती.

दोघांच्या वागण्यातली शालीनता मात्र आज आठवण्याजोगी आहे. चेकॉव्हने नाटक काढून घेतले नाही, वर्तमानपत्रांत पत्रे छापली नाहीत. दुसऱ्या अंकाच्या शेवटचा एक प्रवेश गाळावा असे दिग्दर्शकाने भीत भीत सुचवले, तेव्हा वेदनेने त्याचा चेहरा उतरला. पण तो म्हणाला, गाळा. त्यानंतर त्याबद्दल तो अक्षरही बोलला नाही. आणि स्टॅनिस्लाव्हस्कीने पुढे ‘माय लाइफ इन आर्ट’ हे आत्मचरित्र लिहिले, त्यात बेडकांची थट्टा, गाळलेला प्रवेश, तो उतरलेला चेहरा, सगळे स्वतःच नोंदवले. तो नाटकाचे यशही फुगवून सांगत नाही. त्यातले मर्म आम्हांला पहिल्या प्रयोगात दाखवता आले नाही, असे सरळ लिहितो. लेखक केव्हाच गेला होता; गप्प राहता आले असते.

२ जुलै १९०४ ला, पहिल्या प्रयोगानंतर साडेपाच महिन्यांनी, जर्मनीतल्या बाडेनवायलर गावी चेकॉव्ह वारला. त्याचे शव मॉस्कोला आले ते कालवे वाहून नेणाऱ्या आगगाडीच्या डब्यातून. डब्यावर तशी पाटीही होती. स्टेशनावर जमलेल्यांपैकी काही जण चुकून एका सेनापतीच्या शवपेटीमागून चालू लागले, आणि चेकॉव्हला लष्करी बँड कसा काय, म्हणून नवल करू लागले. मॅक्सिम गॉर्की तो प्रकार पाहून संतापला. त्याचा संताप योग्यच होता. पण ‘चेरीची बाग’ वाचलेल्या माणसाला त्या गर्दीत, त्या चुकलेल्या मिरवणुकीत, चेकॉव्हची पात्रे एकेक करून ओळखता येतात. आणि हसायचे की रडायचे, हे ठरवण्याच्या आत बँड पुढे निघून जातो.